नाकापेक्षा शीड जड

‘घ्यायचीच तर एकदाच मोठी घ्या.’ घर बांधताना, ट्रॅक्टर घेताना, लग्नाचा मांडव ठरवताना मराठवाड्यात हा सल्ला हटकून मिळतो. पहिली शिडाची बोट घेऊ पाहणाऱ्यालाही तोच मिळतो, फक्त देणारे मुंबई-पुण्याकडचे असतात. त्यांच्या मते बोट निदान पंचवीस-तीस फुटांची हवी, आत झोपायला बाक हवेत, चहापुरती शेगडी हवी, मागे इंजिन हवं. लहान घेतली तर दोन वर्षांत मन भरतं, मग ती विका, मोठी घ्या, म्हणजे दुप्पट खर्च. त्यापेक्षा थांबा, पैसे साठवा, नाहीतर कर्ज काढा आणि एकदाच काय ती घ्या.

दुसरा सल्ला घरातूनच मिळतो आणि तो फार आखूड असतो: हा नाद करूच नका. तेरखेड्यासारख्या गावात तो ऐकू येणं साहजिकच आहे. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे मराठवाड्याची शिवकाशी म्हणून ओळखलं जातं. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटर लांब. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखातल्या माणसानं शिडाची बोट घेणार म्हटलं, की हॉटेलच्या बाकावर हशा पिकणारच.

हे दोन सल्ले एकमेकांच्या उलट दिसतात, पण दोन्हींची मेख एकच आहे. शिडाची बोट म्हणजे समुद्रावरची, केबिनवाली, धक्क्याला बांधून ठेवायची बोट, हे दोघांनीही न तपासता धरून ठेवलं आहे. एकजण म्हणतो ती घ्या, दुसरा म्हणतो ती आपल्याला कशाला. तेरखेड्याच्या माणसाला घेण्याजोगी बोट तिसरीच आहे आणि तिचं नाव या दोघांच्याही तोंडून निघत नाही.

आधी गावातल्या आक्षेपाचं पाहू. ज्याच्या गावाला समुद्र नाही त्यानं शीड धरू नये, हा नियम कोणी केला? २०२३ च्या सप्टेंबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर या मुलीनं आयएलसीए-४ या शिडाच्या होडीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शीड धरायला शिकली भोपाळच्या तलावावर. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेली हर्षिता तोमरही भोपाळलाच शिकलेली. भोपाळ समुद्रापासून तेरखेड्याहूनही लांब आहे. हैदराबादच्या हुसेनसागरावर गरीब वस्त्यांतली मुलं शिडं चालवतात, आणि हैदराबाद आपल्याच दख्खनच्या पठारावर आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या पाण्यावर शीड उभारायला शिकतात. तिथेही लाट समुद्राची नसते, धरणाचीच असते.

आणखी एक नाव मुद्दाम घ्यायला हवं. भारतीय माणसानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास ज्यांनी नौदलाच्या गळी उतरवला ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले ते फलटणजवळच्या विंचुर्णी या खेड्यात. फलटणचा भाग पर्जन्यछायेतला, म्हणजे धाराशिवच्याच नशिबाचा. ‘सागर परिक्रमा’ मोहिमेचा जनक असा माळरानावर राहत होता.

इतिहासाचा दाखला हवाच असेल तर तोही जिल्ह्याच्या आतच आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ज्या तगर नगराचा उल्लेख आहे ते आजचं तेर. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं आणि तिथून पुढे शिडांच्या जहाजांवर. अर्थात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कापडावर आज कोणी बोट घेऊ नये. पण ‘आपला आणि दर्याचा संबंध काय’ असं विचारणाऱ्यानं एकदा तेरचं वस्तुसंग्रहालय पाहून यावं.

वाऱ्याबद्दल तर वाद नकोच. वाशी, भूम, कळंबच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. वारा नसता तर कंपन्यांनी तिथं पैसा ओतला नसता.

गावाचा खरा, वजनदार आक्षेप आहे तो पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांना धरणात बोट फिरवायची कल्पना चैनीची, कदाचित थोडी निर्लज्जपणाचीही वाटेल. त्यातला राग समजण्यासारखा आहे, हिशेब मात्र चुकीचा आहे. शिडाची होडी पाणी पीत नाही, डिझेल सांडत नाही, पिकाच्या वाट्याचा थेंबही घेत नाही. धरण आटलं तर ती घरामागे पालथी घालून, ताडपत्री टाकून ठेवायची. पुढच्या वर्षी निम्न तेरणा भरलं तर माकणीला न्यायची, सीना-कोळेगाव भरलं तर परंड्याकडे, आणि दोन्ही रिकामी असली तर भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर. याला अट एकच. बोट दोन माणसांनी उचलून गाडीवर ठेवण्याइतकी लहान असली पाहिजे.

इथेच मोठ्या बोटीच्या वकिलांची पंचाईत होते. तीस फुटी बोटीच्या पोटाखाली कील असते, म्हणजे शिशाचा किंवा बिडाचा जड पंखा. तिला तरंगायला चार-पाच फूट खोल पाणी लागतं. आपल्या धरणांची पातळी दिवाळीपासून जूनपर्यंत उतरतच जाते आणि काठ मागे सरकत राहतो. अशा पाण्यात कीलवाली बोट बांधून ठेवली तर फेब्रुवारीत ती गाळात कुशीवर पडलेली दिसेल, आणि उचलायला क्रेन बोलवावी लागेल. मग बोट मुंबईला ठेवा, असं उत्तर येतं. ठेवा की. पण तिथंही पावसाळ्याआधी ती पाण्याबाहेर काढावी लागते. बूड खरवडून रंगवायचं, दोरखंड बदलायचे, राखणदाराला पगार द्यायचा, आणि मालक बसलाय वाशी तालुक्यात. वर्षातून चार वेळा शीड उघडण्यासाठी बारा महिने हत्ती पोसायचा.

मोठ्या बोटीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं हुकमी पान म्हणजे ‘म्हादेई’. दिलीप दोंदे ५६ फुटी बोटीतून जगाला वळसा घालून आले, मग आपण तीस फुटांना का घाबरायचं? दाखला खरा आहे, पण तो ज्या बाजूनं दिला जातो त्याच्या उलट बाजूला पडतो. दोंदे नौदलाचे अधिकारी होते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ नौदलाच्या पैशानं उभी राहिली. ती पाण्यात उतरण्याआधी दोंदे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे उमेदवारी करून आले होते, दुसऱ्याच्या बोटीवर पडेल ते काम करून. मग सराव-सफरी झाल्या, आणि १९ ऑगस्ट २००९ ला मुंबई सोडून ते मे २०१० मध्ये परतले. ‘म्हादेई’ ही त्यांची पहिली बोट नव्हे, घरच्या पैशानं घेतलेली तर अजिबात नव्हे. एवढंच नाही, २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता प्रदक्षिणा करून आले ते याच, एकदा जग फिरून आलेल्या बोटीतून. त्याच्याही आधी, १९८५ ते ८७ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी ‘तृष्णा’ जगाभोवती नेली. ती ३७ फुटी बोट ब्रिटनमधून वापरलेली विकत घेतली होती. नवीकोरी आणि मोठी, या हट्टाला यातला एकही दाखला बळ देत नाही.

नॉक्स-जॉन्स्टन यांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या ‘सुहेली’ची गोष्ट पुरती सांगितली पाहिजे, कारण ती मुंबईची आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या या तरुण अधिकाऱ्यानं १९६४ च्या सुमारास कुलाब्यात सागवानी लाकडाची ३२ फुटी बोट बांधून घेतली. आराखडा तेव्हाही शिळाच होता, विल्यम अ‍ॅटकिन यांच्या १९२० च्या दशकातल्या ‘एरिक’चा. सुतार आपले, हत्यारं हातातली. १९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’नं एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. त्याच्या आधी नॉक्स-जॉन्स्टन यांनाही वाटलं होतं की अशा सफरीसाठी नवी, मोठी बोट हवी. त्यांनी तसा घाटही घातला, पण पैसे उभे राहिले नाहीत. मग होती तीच बोट घेऊन ते १४ जून १९६८ ला निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परतले. निघालेल्या नऊ जणांपैकी शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट होता. एका उद्योगपतीच्या पैशावर त्यानं तीन पोटांची नवी बोट बांधून घेतली. करार असा, की शर्यत फसली तर बोट त्यानं विकत घ्यायची, म्हणजे धंदा आणि घर दोन्ही पणाला. बोट धड तपासून झाली नव्हती, तरी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ ला त्याला निघावं लागलं, कारण परत फिरणं परवडणारं नव्हतं. पुढे तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि बिनतारी संदेशानं खोटी ठिकाणं कळवत राहिला. १० जुलै १९६९ ला बोट सापडली, आत माणूस नव्हता. त्याला फक्त बोटीनं मारलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण कर्जाची बोट माणसाला वारा वाईट दिसत असूनही निघायला लावते, हे त्याच्या बाबतीत कागदोपत्री दिसतं. ज्या मुलखात सावकारी कर्जाचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं ‘नाहीतर कर्ज काढा’ हा सल्ला देणाऱ्याला खरं तर चहासुद्धा पाजू नये.

तर मग घ्यायची कोणती? पोरासाठी असेल तर ऑप्टिमिस्ट. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन ३५ किलो. ही होडी श्रीमंतांच्या क्लबात जन्मली नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याला सांगितलं गेलं, की प्लायवुडच्या दोन तावांतून, ५० डॉलरच्या आत, पोरांना घरी बांधता येईल अशी होडी काढ. त्यानं ती काढली, म्हणून ती डब्यासारखी चौकोनी दिसते. शिडाचा खेळ म्हणजे धनिकांची मिरासदारी असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरावं.

मोठ्या माणसासाठी आयएलसीए, जिला जुने लोक अजून लेझर म्हणतात. ४.२३ मीटर लांब, सांगाडा ५९ किलोचा, डोलकाठी दोन तुकड्यांत सुटते. सांगाडा तोच ठेवून ४.७, ५.७६ किंवा ७.०६ चौरस मीटरचं शीड लावता येतं, म्हणजे शिकणाऱ्यानं आधी लहान शीड घ्यावं, हात बसला की मोठं. बरोबर कोणी असणार असेल तर एंटरप्राइज, जॅक होल्ट यांची १९५६ ची १३ फुटी, दोन माणसांची होडी. या सगळ्यांना कीलऐवजी मधोमध वरखाली होणारी फळी असते. काठाशी आलं की ती वर ओढायची आणि गुडघाभर पाण्यात उतरून होडी ओढत न्यायची. उलटली तर त्याच फळीवर उभं राहून सुलटी करायची. शिकणारा पहिल्या महिन्यात हे इतक्या वेळा करतो की उलटण्याची भीतीच उरत नाही. मोठ्या बोटीत हे शिक्षण मिळत नाही. तिथं मालक इंजिन सुरू करतो.

आणि घ्यावी ती वापरलेली. शर्यतीवाले सांगाडा जरा मऊ पडला की बोट बदलतात, कारण त्यांचा सेकंदाचा हिशेब असतो. शिकणाऱ्याला त्यानं काडीचा फरक पडत नाही. मात्र फसवणूक होते ती इथंच, त्यामुळे पाहणी निवांत करावी. रंग उडालेला, पांढरी भुकटी सुटणारा पृष्ठभाग पाहून कोणी नाक मुरडू नये. ते ऊन आहे, घासून जातं. नाक मुरडायचं ते आतल्या पाण्याला. होडी आधी उचलून बघावी. ५९ किलोचा सांगाडा दोघांना पेलवेनासा झाला तर आतला फोम पाणी पिऊन बसला आहे. मग वरच्या पृष्ठभागावर अंगठ्यानं दाबत जावं, विशेषतः बसायच्या जागी आणि डोलकाठीच्या भोवती. खाली दबलं, कुरकुरलं की समजावं, आतले थर सुटले. बोटाच्या पेरानं ठोकत गेलं तर घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द.

आयएलसीएची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे डोलकाठी ज्या खोबणीत उभी राहते ती. तिची परीक्षा सोपी आहे आणि विकणाऱ्यांना ती मुळीच आवडत नाही. खोबणीत पाणी ओतावं, पातळीला पेन्सिलीनं खूण करावी, आणि सुकाणू, फळी, दोऱ्या पाहून व्हाव्यात तोवर थांबावं. पातळी उतरली तर खोबणीला चीर आहे. आज ती पाणी सोडते, उद्या जोराच्या वाऱ्यात डोलकाठीच उपटून देईल. शीड उन्हासमोर धरावं. नवं कापड कागदासारखं कडकडतं, मेलेलं कापड धोतरासारखं लोंबतं. पण जुनं शीड सौदा मोडायचं कारण नव्हे, किंमत पाडायचं आहे. शेवटी सांगाड्यावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळतो का ते पाहावं. जुळत नसेल तर बोट कितीही देखणी असो, घरी यावं.

सुरक्षिततेचा मुद्दा उरतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ही दुर्घटना सांगून ‘म्हणून पाण्यात जाऊच नका’ म्हणणारे बरेच आहेत. तिच्यावरून निघतं ते वेगळंच: वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर असू नये, लाइफ जॅकेट बोटीत ठेवायला नसतं, अंगात घालायला असतं, आणि वाऱ्याचा रंग ओळखणारा माणूस होडीत असावा. हे तिसरं शिकायला शिडाच्या लहान होडीसारखी दुसरी शाळा नाही, कारण तिथं वाऱ्याकडे दुर्लक्ष केलं की पुढच्या क्षणी माणूस पाण्यात असतो. सुरुवात करायची ती दिवाळीनंतर, वारा मवाळ असतो तेव्हा. आणि धरणात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यायची. तो कंटाळवाणा भाग आहे, पण चुकवायचा नाही.

इथं तेरखेडा इतरांच्या एक पाऊल पुढेच आहे. समुद्रावर जाणाऱ्या बोटीत संकटाचे लाल फ्लेअर असतात. हातात धरायचा मिनिटभर जळतो. पॅराशूटवाला तीनशे मीटर उंच जाऊन चाळीस सेकंद तरंगत जळतो. त्या प्रत्येकावर मुदत छापलेली असते, आणि जुन्या बोटीबरोबर मिळणारे फ्लेअर पुष्कळदा मुदत संपलेलेच असतात. मुंबईचा ग्राहक ते मोजून घेतो आणि खूश होतो. बारुदाला ओल लागली की काय होतं, हे ज्या गावाला सांगावं लागत नाही तिथला ग्राहक आधी तारीख वाचेल. धरणावर या सामानाची गरज नाही, गळ्यात शिटी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन पुरतो.

लहान होडीनं दोन वर्षांत मन भरतं, या पहिल्या दाव्याचं उत्तर द्यायचं राहिलं. भरू द्या. दोन वर्षांनी ती जवळपास घेतल्या किमतीला विकली जाते, कारण शिकणारे दर वर्षी नवे येतात. आणि तोवर माणसाला कळलेलं असतं की आपल्याला शर्यत हवी, सहल हवी, की हा आपला प्रांतच नव्हे. मोठ्या बोटीच्या मालकाला तिसरी गोष्ट कळली तरी कबूल करता येत नाही.

तेव्हा तेरखेड्यातून किंवा कुठूनही पहिली बोट पाहायला निघणाऱ्यानं खिशात पैसे कमी आणि हातात वेळ जास्त ठेवावा. आधी मुंबईला, गोव्याला किंवा भोपाळला जाऊन दुसऱ्याच्या होडीत बसावं, निदान एकदा उलटून पाहावं. मग बोट ठरली, की बयाणा देण्याआधी ती पाण्यात उतरवून, शीड लावून चालवून दाखवायला सांगावं. विकणारा ‘आज वारा नाही’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. तेव्हाही तेच म्हणाला, तर ती बोट घेऊ नये.